मागे राहिलेला ऑफ

दोन वर्षांपूर्वी स्कोप्येतल्या एका सहकाऱ्याला मी निरोप पाठवला, शुक्रवारचं रिलीज ‘कॉल ऑफ’ केलंय. मला म्हणायचं होतं, सोमवारी करू. त्याने टेस्टिंगचा सर्व्हर पुसून टाकला आणि आठवड्याचा डेटा गेला. मी मनात म्हटलं, याचं इंग्रजी कच्चं आहे. कच्चं माझं होतं. कॉल ऑफ म्हणजे रद्द. पुढे ढकलणं म्हणजे पुट ऑफ.

तो चिडला नाही. त्याने मॅसेडोनियनमधले दोन शब्द पाठवले. ‘ओत्काझे’ म्हणजे रद्द करणे, ‘ओद्लोझी’ म्हणजे पुढे ढकलणे. ‘काझे’ म्हणजे सांगणे, ‘लोझी’च्या मुळाशी ठेवणे, आणि आधीचा ओत किंवा ओद म्हणजे जवळपास ऑफच. सुटे भाग इंग्रजीचेच, फक्त ऑफ पुढे चिकटलेला. शाळेत ही जोडी त्याला कुणी दाखवली नव्हती. त्याने याद्या पाठ केल्या होत्या. मीही तेच केलं होतं, आणि बहुधा तुम्हीही.

गंमत अशी की इंग्रजीही एके काळी उपसर्ग पुढेच लावायची. फरगिव्ह, विदस्टँड, अंडरस्टँड हे त्याच पद्धतीचे अवशेष. मग बरेच उपसर्ग झिजून अर्थहीन झाले, वाक्यातला शब्दक्रम बदलला, आणि इंग्लंडात वसलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीत असे शब्द क्रियापदामागे यायचे. कशाचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण 1154 पर्यंत चालवलेल्या पीटरबरो बखरीत ‘गिव्ह अप’ जवळपास आजच्याच रूपात सापडतो. राजा स्टीफनने बिशपांना 1139 मध्ये पकडलं आणि त्यांनी किल्ले हवाली करेपर्यंत कोंडून ठेवलं, ती हकिगत सांगताना. सिगारेट सोडणं फार नंतरचं; इथे सुटले ते किल्ले.

पुढे नॉर्मन फ्रेंच आणि लॅटिनमधून डिस्क्राइब, प्रिस्क्राइब, सबस्क्राइब असे शब्द आले. मॅसेडोनियनमध्ये त्यांचे जुळे भाऊ आहेत: ओपिशे, प्रेपिशे, पोत्पिशे. मूळ तेच, लिहिणे. पोत्पिशे म्हणजे सही करणे, खाली लिहिणे. सबस्क्राइबचाही मूळ अर्थ तोच. त्यामुळे आपण ज्याला जड इंग्रजी म्हणतो ते माझ्या सहकाऱ्याला सोपं, आणि पुट, गेट, टेक ही पोरांची क्रियापदं त्याला घाम फोडतात. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत हीच तक्रार नोंदवली आहे, की परदेशी माणसाला ही क्रियापदं सर्वांत जड जातात. त्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र 1925 मध्ये लोगन पिअर्सल स्मिथच्या पुस्तकामुळे रूढ होऊ लागलं, तेही हेन्री ब्रॅडलीने सुचवलेलं. म्हणजे दुखणं जुनं, नाव नवं.

आपल्याकडे आहार, विहार, प्रहार ही संस्कृतची उपसर्गांची शिदोरी आहेच. पण रोजच्या बोलण्यात मराठी तिसरीच वाट धरते आणि मागे दुसरं क्रियापदच जोडते: लिहून घे, लिहून दे, लिहून टाक. हे मी त्याला ‘पुसून टाकला’ फोडून समजावलं. टाकणे म्हणजे फेकणे, हेही सांगितलं.

त्याचं उत्तर आलं, “मग मी सर्व्हर पुसला की फेकला?”