शोधनिबंधावर नाव कुणाचं लागतं?

२२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये एक शोधनिबंध आला. ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ कोविड रुग्ण. निष्कर्ष असा की, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली.

४ जूनला निबंध मागे घेतला गेला. चारपैकी तीन लेखक म्हणाले, मूळ डेटा खरा आहे याची हमी आम्ही देऊ शकत नाही. डेटा होता चौथ्या लेखकाच्या ‘सर्जिस्फिअर’ कंपनीकडे आणि कंपनीनं तो स्वतंत्र तपासणीसाठी पूर्ण दिलाच नाही.

मग हे तिघे लेखक कसे? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, लेखकासाठी चार अटी घालते. संशोधनाची आखणी, डेटा गोळा करणं किंवा विश्लेषण यात भरीव वाटा, मजकूर लिहिणं किंवा त्यात महत्त्वाच्या सुधारणा करणं, अंतिम मसुद्याला मंजुरी, आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी. चारही हव्यातच. शेवटची अट २०१३ मध्ये आली, आणि खरी मेख तिथंच आहे.

त्यामुळे फक्त निधी आणला किंवा विभागप्रमुख आहेत म्हणून ‘सरांचं नाव टाका’ हे नियमात बसत नाही. त्यांची जागा आभारात. चॅटजीपीटीसुद्धा लेखक होऊ शकत नाही, कारण चूक निघाली तर जाब विचारायचा कुणाला?

‘लॅन्सेट’नं त्याच वर्षी नियम बदलले. आता एकापेक्षा जास्त लेखकांनी डेटा स्वतः पाहून पडताळल्याचं लिहून द्यावं लागतं.