लोणचे, चटणी की सॉस? धारवाडच्या रंजक्याची गोष्ट

माझी सासुरवाडी धारवाडची. सरकारी कचेरीत कारकून असलेल्या जावयाचा सासुरवाडीला एकच खरा उपयोग असतो, तो म्हणजे अर्ज भरून देणे. गेल्या हिवाळ्यात पणजीहून तिकडे गेलो, चहा संपायच्या आत सासूबाईंनी एक कागद पुढे सरकवला. "जावईबापू, शेजारच्या बाईंचा अर्ज परत आलाय. तेवढं बघा हो."

या बाई घरी रंजका करून बाटल्यांत भरून विकतात. गोव्याच्या वाचकांसाठी सांगतो: ओल्या लाल मिरच्या, मीठ, लिंबू, मेथी आणि हिंग वाटून मुरवत ठेवतात, तो रंजका. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर खातात. परवान्याच्या अर्जात बाईंनी पदार्थाचे नाव लिहिले 'चटणी', प्रकारापुढे खूण केली 'पिकल'वर, आणि लेबल छापणाऱ्याने आपल्या मनाने 'सॉस' छापले! एका बाटलीला तीन इंग्रजी नावे, त्यामुळे अर्ज परत. आणि अंगणात मिरच्यांचे पोते आलेले. ओली मिरची थांबत नाही; पंधरा दिवस गेले की हंगाम गेला.

मी पडलो इतिहासाचा बी.ए. रकाना भरण्याआधी शब्दाचे कूळ बघायची खोड आहे.

सासऱ्यांच्या कपाटात किटेलचा कानडी-इंग्रजी कोश आहे. हे बासेल मिशनचे जर्मन पाद्री धारवाडातही राहिले होते. कोश १८९४ साली निघाला. कानडीत लोणच्याला 'उप्पिनकायि' म्हणतात. उप्पु म्हणजे मीठ आणि कायि म्हणजे कच्चे फळ. आपले 'लोणचे' आले लवणावरून. आता इंग्रजी 'पिकल' बघा. जुन्या डच भाषेतल्या 'पेकेल'शी त्याचे नाते, आणि त्याचा अर्थ खारवणीचे पाणी. 'सॉस'सुद्धा लॅटिन 'साल्सा'वरून, म्हणजे खारवलेले. चार भाषांनी एकाच मिठावरून नावे ठेवली, आणि भांडण मात्र रकान्यात!

'आचार' हा शब्द फारसीतून आला, आणि त्याची एक जुनी लेखी नोंद आपल्या गोव्यात छापलेली आहे, याचा मला उगीचच अभिमान वाटतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात तो बिब्ब्याबद्दल लिहिताना सांगतो की कोवळी फळे मिठात घालतात, त्याला आचार म्हणतात, आणि आमच्याकडे ऑलिव्ह विकतात तसे ते बाजारात विकतात. तेल नाही, मोहरी नाही, नुसते मीठ. आपली मिठातली तोरे त्याच घराण्यातली.

चटणीची जात वेगळी. तिचे नाव मिठावरून नाही, चाटण्यावरून पडले. ती ताजी वाटायची आणि संपवायची. धारवाड-हुबळीत तर ती कोरडीच असते: शेंगांची, जवसाची, कारळ्याची. लग्नानंतर पहिल्यांदा ताटात चटणीची पूड पाहून मी ओल्या नारळाची वाट बघत बसलो होतो! साहेब लोकांनी मात्र हा शब्द विलायतेला नेला आणि कैरीत साखर, व्हिनेगर, बेदाणे घालून मुरांब्याजवळचे काहीतरी शिजवले. तेच पुढे कायद्याच्या भाषेत बसले. कोडेक्सच्या १९८७ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आंब्याच्या चटणीत विरघळलेले घन पदार्थ निदान ५० टक्के हवेत. इतके प्रमाण साखरेशिवाय गाठणे कठीण. आमच्या पाट्यावरची चटणी त्या परीक्षेत नापासच व्हायची. उलट इंग्लंडात १९२२ पासून विकले जाणारे ब्रॅन्स्टन पिकल चवीने आणि कृतीने चटणीच आहे. म्हणजे खुद्द मालकांच्या घरीही घोळ आहेच.

केचपचे मूळ दक्षिण चीनकडच्या माशांच्या खाऱ्या रसात. टोमॅटो त्यात फार उशिरा आला. (आपले बाल्चांवही मलायातल्या 'बलाचान'वरून, म्हणजे तिथल्या कोळंबीच्या खाऱ्या लगद्यावरून आले. समुद्राने काय काय आणले!) आपल्या नियमांत टोमॅटो सॉस आणि केचप एकाच मथळ्याखाली येतात, तेव्हा त्यावर वाद नको. रेलिश म्हणजे अमेरिकेत बारीक चिरून गोड व्हिनेगरात टाकलेल्या भाज्या. असो.

तर रंजका कोण? तो वाटलेला, म्हणून चटणीसारखा दिसतो. पण मिठात आणि लिंबात मुरतो, महिनोन्महिने टिकतो, म्हणजे मिठाच्या घराण्यातला. मिरची स्वतः अमेरिकेहून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. आपण तिला मिरीवरून मिरची म्हटले, कानड्यांनी मेणसु म्हणजे मिरी, त्यावरून मेणसिनकायि केले. आज धारवाडपासून जवळच असलेल्या ब्याडगीच्या मिरचीला २०११ पासून भौगोलिक मानांकन आहे. या पाहुणीला दोन्ही भाषांनी घरातलेच नाव दिले, मग आपण रंजक्याला परके नाव का शोधावे?

मी प्रकाराच्या रकान्यात 'पिकल' कायम ठेवले आणि नावाच्या रकान्यातले 'चटणी' खोडायला सांगून तिथे 'रंजका' लिहिले. कंसात घटक लिहिले, मीठ सर्वांत आधी. वजनाने मिरची जास्त असते हे बाईंनी लगेच दाखवून दिले, तेव्हा क्रम बदलला. लेबलावरच्या 'सॉस'वर चिकटवायला नव्या चिठ्ठ्या हुबळीहून छापून आणल्या.

दहाव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. परवाना मिळाला होता. पोत्यातल्या मिरच्यांपैकी तळाच्या थोड्या गेल्या, बाकीच्या वाटून झाल्या.