वाचता येतं, पण कळतं का? सोनसळ ते पहिलीचा वर्ग

चौथीतलं पोरगं इंग्रजीचा धडा धडाधडा वाचतं. आपण विचारतो, "यात झालं काय?" की ते गप्प! असं का होतं? यासाठी जरा मागे जाऊ.

१९४८ मध्ये मुंबई प्रांतात इंग्रजी पाचवीऐवजी आठवीपासून शिकवायचं ठरलं. म्हणजे अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत हातात जेमतेम चार वर्षं. खेड्यातल्या पोरांच्या कानावर घरीदारी इंग्रजी पडायचं नाही, त्यामुळे ती इथेच अडायची. याच काळात आजच्या कडेगाव तालुक्यातल्या सोनसळचे पतंगराव कदम कुंडलला शिकले. पुढे रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९६४ साली, ऐन विशीत, त्यांनी पुण्यात भारती विद्यापीठ काढलं. आज हे नाव ऐकलं की मेडिकल, इंजिनिअरिंग आठवतं. पण सुरुवात झाली होती शाळकरी मुलांच्या इंग्रजी आणि गणिताच्या परीक्षांपासून! या दोन विषयांची गोडी लागावी, एवढाच हेतू.

२००० साली महाराष्ट्रात इंग्रजी थेट पहिलीत आलं. वय बदललं, पण पद्धत? अनेक वर्गांत तीच. बाईंनी वाचायचं, मुलांनी मागून म्हणायचं, शब्दार्थ वहीत उतरवून पाठ करायचे. उच्चार जमला, अर्थ मागेच राहिला.

आता एक गंमत ऐका. १९८८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं पुढे गेली. वाचनात हुशार, पण खेळ न कळणारी मागे पडली! म्हणजे अर्थ नुसता शब्दांत नसतो, आपल्या आधीच्या माहितीतही असतो.

मग कडेगावच्या पोराकडे काय कमी आहे? मोहरममधले इथले उंचच उंच ताबूत त्याने पाहिलेत. त्यांच्या भेटी बघायला हिंदू-मुस्लिम सगळा गाव लोटतो. त्यावर सोप्या इंग्रजीत चारच ओळी लिहा. वाचण्याआधी मराठीत गप्पा मारा. मग वाचू द्या. मध्येच थांबवून विचारा, "आता पुढे काय होईल?" शेवटी गोष्ट त्याच्या शब्दांत सांगू द्या, मराठीत सांगितली तरी चालेल. कळलंय की नाही, ते तिथेच समजतं.

घरात धाकटं भावंड असेल तर आज रात्री दहा मिनिटं हे करून बघा. मोबाईल आहेच हातात, चार ओळी त्यावरच टाईप करा. आणि हो, पहिला प्रश्न स्पेलिंगचा नको, गोष्टीचा विचारा!