घरी गेम मशीन घेताना...

रत्नागिरी, प्रतिनिधी

नव्वदच्या दशकात शाळा सुटल्यावर ज्यांची पावले घराऐवजी व्हिडिओ गेमच्या दुकानाकडे वळत, ती पिढी आता चाळिशीत पोहोचली आहे. अंधाऱ्या गाळ्यातली दोन-चार यंत्रे, प्रत्येक यंत्राभोवती मुलांचे कोंडाळे, नाणे टाकल्यावर मिळणारी काही मिनिटे आणि घरी कळल्यावर बसणारा ओरडा, हा अनुभव लहानमोठ्या शहरांतील अनेकांच्या गाठीशी आहे. संगणक आणि मोबाइल घरोघर आल्यानंतर ती दुकाने हळूहळू दिसेनाशी झाली. आता तेच उभे यंत्र आपल्या घरी असावे, असे वाटणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि तशी यंत्रे विकत मिळतही आहेत.

मात्र या खरेदीत एक चूक सर्रास होते. यंत्रात किती हजार खेळ आहेत, हे पाहून पसंती दिली जाते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी हा क्रम उलटा हवा. येथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेत बाराही महिने खारटपणा असतो. अशा हवेत घरातले गेम मशीन हे आधी लाकडी सामान, मग विजेचे उपकरण आणि सर्वांत शेवटी खेळ असते. पेटी फुगली किंवा सांधे गंजले, तर आतले हजार खेळ कुणाच्याही उपयोगाचे राहत नाहीत.

यंत्राच्या पोटात काय असते?

अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ १९७२ मध्ये आला. त्यानंतर ताइतोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८), नामकोचा ‘पॅकमॅन’ (१९८०), निन्टेन्डोचा ‘डाँकी काँग’ (१९८१) आणि कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) अशी ही परंपरा वाढत गेली. खेळ बदलले, पण यंत्राची मूळ रचना फारशी बदलली नाही. लाकडी पेटी, पडदा, जॉयस्टिक व बटणांची फळी, वीजपुरवठा करणारा संच आणि ज्यात खेळ साठवलेला असतो तो बोर्ड, हे त्याचे पाच भाग.

जपानमधील उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ‘जामा’ या नावाची ५६ टोकांची जोडणी प्रमाण म्हणून ठरवली. त्यामुळे पेटी, पडदा आणि तारा तशाच ठेवून केवळ बोर्ड बदलला की नवा खेळ सुरू करता येऊ लागला. खरेदी करणाऱ्याने पहिला प्रश्न याच अंगाने विचारावा. या यंत्राचे भाग सुटे करून बदलता येतात, की सारे एकाच बंद बोर्डावर बसवलेले आहे? रत्नागिरीत अशा यंत्राचे खास कारागीर सहज भेटणार नाहीत. सुटी बटणे, साधा मॉनिटर आणि वेगळा वीजसंच असलेले यंत्र मात्र टीव्ही-संगणक दुरुस्त करणारा कुशल माणूसही हाताळू शकतो.

तीन पर्याय

पहिला पर्याय म्हणजे पार्लरमधून निघालेले जुने अस्सल यंत्र. ते बहुधा सहा फुटांच्या आसपास उंच आणि शंभर किलोहून जड असते. त्यात काचेची मोठी पिक्चर ट्यूब असते. जुन्या खेळांचे रंग या पडद्यावर जसे दिसतात तसे सपाट पडद्यावर दिसत नाहीत, हे खरे. परंतु अशा ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. त्यामुळे मागचे दार स्वतः उघडून हात घालणे जिवावर बेतू शकते. घरात लहान मुले असतील, तर त्या दाराला कुलूप असलेच पाहिजे. कॅपकॉमच्या १९९०च्या दशकातील काही बोर्डांवर एक छोटी बॅटरी असते. ती संपली की आतली संकेतकुंजी पुसली जाते आणि खेळ बंद पडतो. जुना बोर्ड घेताना ही बॅटरी कधी बदलली, याची चौकशी करावी.

दुसरा पर्याय कारखान्यात तयार होणाऱ्या लहान प्रतिकृतींचा. अमेरिकेत ‘आर्केड वन-अप’ या नावाने २०१८ मध्ये आलेली यंत्रे मूळ आकाराच्या सुमारे पाऊणपट होती आणि त्यांत ठरावीक खेळ रीतसर परवान्याने दिलेले होते. सपाट पडद्यामुळे अशी यंत्रे हलकी असतात आणि सुटे भाग जोडून घरीच उभी करता येतात. मात्र त्यांच्या पेट्या बहुधा दाबलेल्या भुशाच्या फळीच्या, म्हणजे एमडीएफच्या असतात. परदेशातून मागवल्यास वाहतूक, सीमाशुल्क आणि कर मिळून खर्च छापील किमतीच्या बराच पुढे जातो. बिघाड झाल्यास परत पाठवणेही अवघड असते.

तिसरा पर्याय स्थानिक सुताराकडून पेटी करून घेण्याचा. त्यात साधा मॉनिटर, लहान संगणक आणि बाजारात मिळणारी जॉयस्टिक-बटणे बसवली जातात. ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा स्वस्त संगणक २०१२ मध्ये आल्यापासून जगभरातील हौशी मंडळींनी ही वाट धरली. कोकणातील हवेला हाच पर्याय सर्वांत मानवतो, कारण लाकूड, उंची, रुंदी आणि सांधे आपल्या पसंतीचे ठेवता येतात. वेळ आणि चिकाटी मात्र हवी.

लाकूड आणि हवा

एमडीएफच्या कापलेल्या कडा ओलावा शोषतात आणि एकदा फुगल्या की पूर्ववत होत नाहीत. आयएस ७१० हे मानक असलेले मरीन प्लायवूड महाग पडते, पण येथे तो खर्च वाया जात नाही. तयार एमडीएफ यंत्रच घ्यायचे असेल, तर तळाच्या आणि मागच्या उघड्या कडांना आगोटीपूर्वी सीलर किंवा रंगाचे दोन हात द्यावेत. पेटी थेट फरशीवर न ठेवता दोन-तीन इंच उंच पायांवर किंवा चाकांवर ठेवावी. जांभ्याच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, म्हणून भिंतीपासून किमान अर्धा फूट अंतर सोडावे. वाळवीची तपासणी दर वर्षी करावी.

मागच्या बाजूला हवेसाठी झरोके हवेत, पण त्यांवर बारीक जाळी हवी. उबदार पेटीत पाली, झुरळे आणि मुंग्या बिऱ्हाड करतात आणि बोर्डावर शॉर्टसर्किट होण्याचे ते एक कारण ठरते. पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंद ठेवू नये. आठवड्यातून एक-दोनदा अर्धा तास सुरू ठेवल्यास आतल्या उबेने ओलावा कमी होतो. बटणांखालचे स्विच दाद देईनासे झाले, तर वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत.

तळमजल्यावर पाणी येण्याचा धोका असलेल्या वस्तीत यंत्र वरच्या मजल्यावरच असावे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरले, तेव्हा जड वस्तू हलवायला कुणालाही उसंत मिळाली नाही.

विजेची बाजू

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची, तर अमेरिका आणि जपान येथे ती अनुक्रमे १२० आणि १०० व्होल्टची असते. परदेशी यंत्राच्या अॅडॅप्टरवर ‘१००-२४०’ असे छापले आहे की नाही, हे प्लग लावण्यापूर्वी पाहावे. तसे नसेल तर योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागेल. लहान संगणक आणि सपाट मॉनिटर असलेले यंत्र साधारणपणे शंभर वॉटहून कमी वीज घेते, म्हणजे दहा तासांच्या खेळाला एक युनिटही पुरते. वीजबिलाची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करायची ती पुरवठा अचानक खंडित होण्याची. ‘रास्पबेरी पाय’सारख्या संगणकात सारी माहिती छोट्या मेमरी कार्डवर असते आणि चालू असताना वीज गेली, तर ते कार्ड निकामी होऊ शकते. म्हणून लहान यूपीएस लावावा आणि कार्डाची एक प्रत वेगळी ठेवावी. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागातील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती, हे येथील वाचकांना सांगायला नको.

यंत्राला तीन पिनांचाच प्लग असावा आणि घरातील अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्यावे. मुले खेळताना हात धातूच्या भागांवर असतात, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच असणे श्रेयस्कर. गडगडाट सुरू होताच प्लग काढून ठेवावा.

‘मुस्तफा’चे काय?

या विषयावर बोलणे निघाले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘त्यात मुस्तफा आहे ना?’ आपल्याकडे ‘मुस्तफा’ या नावाने ओळखला जाणारा खेळ म्हणजे कॅपकॉमचा १९९३ मधील ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. मुस्तफा कैरो हे त्यातील चार नायकांपैकी एक. मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर आधारलेला हा खेळ कंपनीने घरगुती संचासाठी कधीच प्रसिद्ध केला नाही. तेव्हा नव्या घरगुती यंत्रात तो भरून मिळत असेल, तर ती नक्कल विनापरवाना आहे, असे समजण्यास हरकत नाही.

संगणकावर जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारा ‘मेम’ हा कार्यक्रम इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केला. तो वापरणे बेकायदा नाही, पण त्यात घातले जाणारे खेळ ही स्वतंत्र मालमत्ता आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचे कार्यक्रम साहित्यकृतींत मोडतात आणि त्यांना लेखकाच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे संरक्षण मिळते. कार्यक्रमाची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही कलम ६३ब लागू होते. ‘हजारो खेळ एकाच पेटीत’ अशा जाहिरातींमागे बहुधा अशाच नकला असतात. जुने खेळ रीतसर हवे असतील, तर कंपन्यांनीच काढलेले संच विकत घेऊन पेटीतल्या संगणकावर बसवता येतात. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या सात मारधाडीच्या खेळांचा संच आणि २०२१ मध्ये ‘आर्केड स्टेडियम’ हा संग्रह प्रसिद्ध केला.

घरात खेळण्यासाठी परवाना लागत नाही. हेच यंत्र दुकानात ठेवून पैसे घेतले, की ते सार्वजनिक करमणुकीचे ठिकाण ठरते आणि परवान्याचा प्रश्न येतो. जिंकल्यावर पैसे देणारे यंत्र तर थेट जुगारबंदी कायद्याच्या कक्षेत जाते.

पैसे देण्यापूर्वी

यंत्र निदान तासभर चालवून पाहावे. तापल्यावर पडदा थरथरतो का, आवाज फाटतो का, हे तेवढ्या वेळात कळते. प्रत्येक बटण आणि जॉयस्टिकच्या आठही दिशा तपासाव्यात. ‘पॅकमॅन’सारख्या खेळाला चार दिशांची जॉयस्टिक लागते, आठ दिशांच्या जॉयस्टिकवर वळणे चुकतात. ‘स्ट्रीट फायटर २’ला प्रत्येक खेळाडूमागे सहा बटणे हवीत. दाराची उंची-रुंदी आणि जिन्याचे वळण आधी मोजावे. जुन्या कौलारू घरांची दारे बुटकी असतात आणि सहा फुटी पेटी दाराशीच अडते.

व्हिडिओ गेमची इलेक्ट्रॉनिक उपकरणे २०१२च्या केंद्रीय आदेशाने भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली आणली गेली. उपकरणावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो पडताळता येतो. जीएसटीसह पक्के बिल, हमीची मुदत आणि सुटे भाग कोठे मिळतील, हे लेखी घ्यावे. वांधा झालाच, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, विक्रेता मुंबईचा किंवा दिल्लीचा असला तरी, ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा उपयोग करून पाहावा.

शेवटचा प्रश्न यंत्र ठेवायचे कोठे? मुलांच्या झोपण्याच्या खोलीत नको. ओटीवर किंवा बैठकीच्या खोलीत ते असावे, म्हणजे किती वेळ खेळ चालला आहे याकडे घरातील वडीलधाऱ्यांचे आपोआप लक्ष राहते. गणपतीत चाकरमानी आले की चुलत-मावस भावंडांची रांग तेथेच लागेल. तीस वर्षांपूर्वी हा खेळ घरापासून लपून खेळावा लागे. आता तो घरच्यांच्या देखत खेळता येणार असेल, तर चार पैसे अधिक गेले तरी मजबूत, सुरक्षित आणि गावातच दुरुस्त होईल असेच यंत्र घ्यावे.