गोषवारा : गावच्या दप्तरापासून पिंपरीच्या हॅमायसिनपर्यंत

आज आपण सांगवीत जमलो आहोत आणि विषय आहे संशोधन-लेखाच्या सारांशाचा इतिहास. विषय लांबचा वाटेल, पण पवनेच्या वरच्या अंगाला असलेल्या पिंपरीतच त्याचं एक चांगलं उदाहरण आहे. तिथे पोचायच्या आधी थोडं मागे जाऊ.

सारांशाला आपल्याकडे जुना शब्द आहे, गोषवारा. फारसीतून आलेला, जमाखर्चात रुळलेला. कुलकर्ण्याच्या दप्तरात पानंच्या पानं नोंदी असायच्या. वरचा अधिकारी त्या सगळ्या कुठे वाचणार? तो गोषवारा बघायचा. म्हणून त्यातला आकडा आतल्या नोंदींशी जुळलाच पाहिजे. एवढी एक अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युरोपात विज्ञानाचे लेख वाढले तेव्हा हीच अडचण आली. 1830 मध्ये जर्मनीत औषधशास्त्राच्या लेखांचे सारांश देणारं नियतकालिक निघालं. 1832 पासून लंडनच्या रॉयल सोसायटीने आपल्या शोधनिबंधांचे सारांश वेगळे छापले. 1907 मध्ये अमेरिकेत ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ सुरू झालं. पण गंमत बघा, हे सारांश बहुधा मूळ लेखक लिहीत नसे, दुसराच कोणीतरी लिही. दुसऱ्या महायुद्धानंतर लेखांचा पूर आला आणि हे काम आवरेना. 1948 मध्ये रॉयल सोसायटीने लंडनला वैज्ञानिक माहितीवर परिषद भरवली, आणि सारांश लेखकानेच लिहून द्यावा या आग्रहाला जोर आला.

आता पिंपरी. 1954 मध्ये तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. काम पेनिसिलिन बनवण्याचं. पण संशोधनही चाले, आणि कंपनी स्वतःचं ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ काढत असे. 1961 मध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी त्यात एका नव्या बुरशीविरोधी प्रतिजैविकाची माहिती दिली : हॅमायसिन. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे आपली पिंपरी थेट लॅटिन नावात जाऊन बसली!

पण पिंपरीचं बुलेटिन परदेशातल्या किती ग्रंथालयांत पोचणार? तिथल्या संशोधकाच्या हाती आधी येते ती सूची. आज पबमेडवर त्या बुलेटिनमधल्या लेखांच्या नोंदी सापडतात. मात्र 1975 च्या आधीच्या नोंदींना सहसा सारांश जोडलेला नाही. मिळतं ते शीर्षक, लेखकांची नावं, वर्ष. वर्षानुवर्षांच्या कामाची सगळी ओळख त्या दोन ओळींवर येऊन ठेपते. सारांश का जपून लिहायचा, याचं याहून मोठं कारण आम्हाला सापडत नाही. मूळ लेख मिळत नाही तिथे सारांश हाच लेख असतो.

मग त्यात काय हवं? हॅमायसिनवरच बघू. प्रश्न कोणता : बुरशीच्या आजारांवर औषधं थोडी. काय केलं : कोणता जीव, कुठून वेगळा केला, कसा तपासला. काय सापडलं : कँडिडासारख्या कोणत्या बुरशींवर, किती मात्रेत परिणाम झाला. शेवटी, त्याचा अर्थ काय आणि मर्यादा कुठे. 1987 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत ठरावीक उपशीर्षकांचे सारांश सुचवले गेले, तेही याच क्रमाच्या जवळ जाणारे.

विद्यार्थी बऱ्याचदा लिहितात, ‘परिणामांची चर्चा केली आहे.’ अहो, चर्चा केलीत हे कळलं, पण निघालं काय? हे म्हणजे गोषवाऱ्यात ‘जमाखर्च मांडला आहे’ असं लिहून बेरीज गाळण्यासारखं झालं. आणि उलटंही नको. लेखात प्रयोगशाळेतला परिणाम आणि सारांशात ‘रोग बरा होतो’, असं चालत नाही. कुलकर्ण्याची ती जुनी अट इथे लागू पडते : वर लिहाल ते आत सापडलं पाहिजे. म्हणून सारांश लेख पुरा झाल्यावर लिहावा, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य लेखात कुठे आहे ते बोट ठेवून तपासावं.