बदकपिलांचा विषाणुजन्य यकृतशोथ

बदकाच्या लहान पिलांना होणारा, झपाट्याने पसरणारा आणि बहुधा प्राणघातक ठरणारा यकृताचा सांसर्गिक रोग. सहा आठवड्यांच्या आतील, त्यातही तीन आठवड्यांपर्यंतच्या पिलांना तो प्रामुख्याने होतो. मोठ्या बदकांना संसर्ग झाला तरी सहसा लक्षणे दिसत नाहीत.

इतिहास : १९४९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवरील पांढऱ्या पेकिन बदकांच्या पिलांत या रोगाची मोठी साथ आली. लेव्हीन व फॅब्रिकंट यांनी कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांत विषाणू वाढवून तो वेगळा केला आणि १९५० मध्ये रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले.

कारण : बदक हेपॅटायटिस ए विषाणू हे रोगाचे मुख्य कारण. हा पिकोर्नाव्हिरिडी कुलातील असून त्याचे तीन जनुकीय प्रकार आहेत. पहिला जगभर आढळतो; दुसरा तैवानमध्ये, तर तिसरा दक्षिण कोरिया व चीनमध्ये प्रथम ओळखला गेला. पूर्वी या रोगाचे निराळे प्रकार मानलेले काही विषाणू ॲस्ट्रोव्हायरस असल्याचे पुढे सिद्ध झाले. माणसाला यांपासून कावीळ होत नाही.

प्रसार : आजारी पिलांच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो आणि दूषित खाद्य, पाणी, भांडी, पादत्राणे यांमार्फत निरोगी पिलांच्या पोटात जातो. बरी झालेली पिले सुमारे आठ आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहतात. उंदीर-घुशीही तो वाहून नेतात. अंड्यातून मात्र तो पिलात उतरत नाही. स्वच्छ न केलेल्या ब्रूडरमध्ये तो कित्येक आठवडे टिकतो.

लक्षणे : संसर्गानंतर एक-दोन दिवसांतच पिले कळपामागे रेंगाळू लागतात, डोळे मिटून बसतात, मग कुशीवर पडून पाय झाडतात. डोके पाठीकडे ताणले जाऊन धनुर्वातासारखा बाक येतो व याच अवस्थेत पिलू तासाभरात दगावते. बहुतेक मृत्यू तीन-चार दिवसांत होतात. आठवड्याच्या आतील पिलांत मृत्यूचे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत जाते. चार-पाच आठवड्यांनंतर ते नगण्य असते.

निदान : शवविच्छेदनात यकृत सुजलेले व रक्तस्रावाच्या ठिपक्यांनी भरलेले दिसते. खात्री आरटी-पीसीआर चाचणीने किंवा विषाणू वेगळा करून होते. बदक प्लेग, साल्मोनेलाचा संसर्ग आणि बुरशी आलेल्या खाद्यातील अफ्लाटॉक्सिनची विषबाधा यांपासून तो वेगळा ओळखावा लागतो.

उपचार व प्रतिबंध : विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. साथीची चाहूल लागताच, बऱ्या झालेल्या बदकांचा रक्तरस किंवा लस दिलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतील पिवळ्या बलकापासून मिळवलेली प्रतिपिंडे टोचल्यास अजून आजारी न पडलेली पिले वाचू शकतात. रोगाचा वेग पाहता खरे संरक्षण पिलू जन्मण्याआधीच उभे करावे लागते. त्यासाठी प्रजननाच्या माद्यांना अंडी घालू लागण्यापूर्वी क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची लस देतात व ठरावीक काळाने ती पुन्हा टोचतात. मादीची प्रतिपिंडे बलकातून पिलाला मिळतात आणि सर्वांत धोक्याचे पहिले आठवडे निभावतात. माद्यांना लस दिलेली नसेल, तर एक दिवसाच्या पिलांनाच लस देतात. याखेरीज पहिले चार-पाच आठवडे पिले मोठ्या बदकांपासून पूर्ण वेगळी ठेवणे, उंदरांचा बंदोबस्त करणे आणि प्रत्येक तुकडीनंतर जागा धुऊन निर्जंतुक करणे आवश्यक असते.