फिट्‌स औषधांनी थांबत नाहीत? संगणकातला मेंदू कुठे उपयोगी पडतो

"डॉक्टर, तीन गोळ्या चालू आहेत, तरी महिन्याला एखादी फिट येतेच. आता चौथी लिहून देणार का?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात अधूनमधून येतो. तुमच्या घरीही कोणाला अपस्मार, म्हणजे फिट्‌स किंवा आकडी येत असेल, तर पुढचे जरूर वाचा.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. बहुतेकांच्या फिट्‌स एक-दोन औषधांनी आटोक्यात येतात, पण साधारण तिघांपैकी एकाच्या येत नाहीत. योग्य निवडलेली आणि पुरेशा डोसमध्ये घेतलेली दोन औषधे अपुरी पडली, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. (गोळ्या मधूनच बंद केल्या असतील तर आधी ते प्रामाणिकपणे सांगा. ती वेगळी गोष्ट आहे.) यापुढे गोळ्या वाढवून फिट्‌स पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच कमी असते. अशा वेळी मेंदूतला फिट सुरू होण्याचा भाग शोधून तो काढता येईल का, हे तपासावे लागते.

शोधणे हाच अवघड भाग आहे. एमआरआयमध्ये डाग स्पष्ट दिसला तर ठीक, पण काहींचा एमआरआय अगदी नॉर्मल असतो. मग कवटीला बारीक छिद्रे पाडून मेंदूत इलेक्ट्रोड घालतात आणि फिट येण्याची वाट पाहतात. भाग कमी काढला तर फिट्‌स परत येतात, नको तो काढला तर बोलणे किंवा स्मरणशक्ती जाऊ शकते.

इथे गणित मदतीला येते. 1952 मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी म्हाकूळ या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून विद्युतसंदेश कसा तयार होतो याची समीकरणे मांडली. त्यासाठी त्यांना 1963 चे नोबेल मिळाले. पण माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी पेशी आहेत. प्रत्येकीचे समीकरण सोडवत बसणे व्यवहार्य नाही, म्हणून संशोधक पेशींच्या मोठ्या गटाचे सरासरी वागणे मोजतात.

फ्रान्समधील मार्सेय येथे व्हिक्टर यिर्सा आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 'एपिलेप्टर' हे असे मॉडेल मांडले. गॅसवरचे दूध आठवा. तापमान हळूहळू चढते, वर काही दिसत नाही, आणि एका क्षणी दूध उतू जाते. एपिलेप्टरमध्येही एक संथ बदलणारी गोष्ट आतल्या आत सरकत असते, तीच फिट कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे ठरवते. वेगाने उसळणाऱ्या लहरी तिच्यावर अवलंबून असतात.

मग रुग्णाच्या स्वतःच्या एमआरआयवरून मेंदूचे भाग आणि त्यांना जोडणारे तंतू संगणकात उभे करतात, प्रत्येक भागाला हे मॉडेल जोडतात आणि इलेक्ट्रोडच्या नोंदींशी जुळवून कोणता भाग सहज पेटतो याचा अंदाज काढतात. अमुक भाग काढला तर फिट पसरेल का, हे आधी पडद्यावर करून पाहता येते. 2023 मध्ये 53 रुग्णांच्या जुन्या नोंदींवर ही पद्धत तपासली गेली. फ्रान्समधील अनेक रुग्णालयांत 356 रुग्णांची चाचणी 2019 मध्ये सुरू झाली.

मला यात आशा दिसते, पण एक अडचण सांगायलाच हवी. इलेक्ट्रोड जिथे घातलाच नाही तिथले मॉडेललाही फारसे कळत नाही. शिवाय तो भाग काढल्यास वाचा जाईल का, हे त्यात येत नाही. तो निर्णय न्यूरॉलॉजिस्ट आणि सर्जन यांचाच.

म्हणून या तंत्राची वाट पाहत थांबू नका. शस्त्रक्रिया आजही होते. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या 116 मुलांचा अभ्यास झाला, निष्कर्ष 2017 मध्ये आले. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने 77 टक्के मुले फिटमुक्त होती, फक्त औषधांवर असलेल्यांत 7 टक्के. शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांना हातापायात कमजोरीसारखे त्रासही झाले, त्यामुळे फायदा-तोटा नीट विचारून घ्या. केरळमधील त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतही हे काम अनेक वर्षे चालू आहे.

तपासणीला जाताना आधीचे एमआरआय, ईईजी, घेतलेल्या सर्व गोळ्यांची डोससह यादी आणि फिटचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या. व्हिडिओ काढणारा माणूस वेगळा असू द्या, दुसऱ्याने रुग्णाला कुशीवर वळवावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर व्हिडिओ सोडा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.